विश्लेषण : ‘थार’ जीप राहिली की मोटार झाली?

महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याच जीपचा वारसा सांगणारी ‘थार’ २०१० मध्ये आली. २०२० मध्ये तिचे रूप पालटले आणि चाहत्यांत दोन तट पडले.

बदलले काय?
मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. पक्क्या छताचा पर्याय आणि एअरबॅग मिळाल्या. ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत गाडीने चार तारे मिळवले. २०२४ मधील ‘रॉक्स’ला पाच दरवाजे आहेत. खालची शिडीसारखी पोलादी चौकट मात्र कायम आहे.

आक्षेप काय?
जुनी जीप गावातल्या मिस्त्रीकडेही दुरुस्त व्हायची, नवीत इलेक्ट्रॉनिक्स फार, असे जुने चाहते म्हणतात. घरची माणसे घेऊन फिरायचे तर सुरक्षितता आधी, हे नव्यांचे उत्तर.

परभणीसाठी कळीचा मुद्दा कोणता?
येथील काळी माती पावसात चाकांना लोण्यासारखी चिकटते. २०२३ पासून ‘थार’ केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या, स्वस्त प्रकारातही मिळते. बाहेरून ती जवळपास तशीच दिसते, पण चिखलात चारही चाकांचा जोर मिळत नाही. त्यामुळे शेतरस्त्यासाठी गाडी घेणाऱ्याने रूपाआधी ‘फोर बाय फोर’ आहे का, ते पाहावे.