दुधाच्या दरांतील चढउतार व आमचें कर्तव्य

शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यांत भाताचें पीक एकदां घरांत आलें, कीं वर्षभराच्या खर्चास हातीं येणारा पैसा म्हणजे दर दहा दिवसांनीं मिळणारें दुधाचें बिल होय. म्हणून दुधाच्या दराचा प्रश्न येथें केवळ जोडधंद्याचा नसून संसाराचा आहे.

गेल्या कांहीं वर्षांतील अनुभव पाहावा. सन २०१८ च्या जुलैंत मोठ्या आंदोलनानंतर राज्यांत गाईच्या दुधास लिटरला २५ रुपये दर ठरला. २०२० च्या टाळेबंदींत तो ठिकठिकाणीं २० रुपयांच्याही खालीं गेला. २०२३ च्या जुलैंत सरकारनें ३४ रुपये ठरविले. परंतु त्याच हिवाळ्यांत भाव पुन्हां कोसळले, व २०२४ च्या जानेवारींत लिटरमागें ५ रुपये अनुदान देण्याची पाळी आली. दीर्घ मुदतीनें पाहतां दर चढलेच आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि पेंड व वैरणही महागली. आणि शेतकऱ्यास बुडवितो तो सरासरी दर नव्हे, तर मधला उतार होय.

याचें कारण उघड आहे. हिवाळ्यांत दूध वाढतें. गाईच्या उरलेल्या दुधाची भुकटी व लोणी करावें लागतें. आणि भुकटीचा भाव परदेशच्या बाजाराबरोबर हेलकावे खातो. उलट, वासराची दुभती गाय होण्यास सुमारें तीन वर्षें लागतात. तेजींत कर्ज काढून घेतलेलें जनावर मंदींत मातीमोलानें विकलें जातें, आणि पुढील तेजी येते तेव्हां दावण रिकामी असते.

सरकारी अनुदानाची मागणी रास्तच आहे. पण तें नुकसान झाल्यावर येतें. आमचें मत असें, कीं दूधसंस्थांनीं चांगल्या वर्षीं दिवाळीच्या दर-फरकांतून अल्पसा भाग निधि म्हणून बाजूस ठेवावा, व दर ठरीव मर्यादेखालीं उतरतांच तो सभासदांस वांटावा. कपातीविषयीं सभासदांच्या मनांत संशय असतो, व तो निष्कारण नाहीं. म्हणून हिशेब सभासदवार ठेवून वार्षिक सभेंत वाचून दाखवावा, आणि निधि अन्य कामीं वापरतां येऊं नये असा पोटनियम करावा. शेतकरी बंधूंनींही तेजी पाहून गाई वाढविण्यापूर्वीं घरची वैरण मोजावी.

मृगापूर्वीं घर शाकारून वैरण भरून ठेवणें आमच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. दराच्या वाईट दिवसांचीही तशीच तरतूद त्यानें करावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.