मौजेचे वाहन आणि मळ्याचे वाहन

कोरमंगला येथील आमच्या शाखेच्या ग्राहकांमध्ये संगणक-अभियंते पुष्कळ. पण चिक्कमगळूरकडे वडिलोपार्जित कॉफीचे मळे असलेली काही कुटुंबेही आहेत. अशाच एका मळेवाल्या ग्राहकांनी एटीव्हीसाठी कर्ज मागितले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली ती शहराबाहेरच्या साहस-केंद्रांत तरुण मंडळी धुरळा उडवीत फिरवतात ती चारचाकी. खेळण्याला कर्ज कसले, असेच प्रथम मनात आले. ती माझी चूक होती.

यामाहाची 1987 ची बॅन्शी ही वेगासाठी घडवलेली हलकी गाडी. जोर केवळ मागच्या चाकांना, सामान ठेवायला जागा नाही. होंडाने मात्र 1986 मध्येच चारही चाकांना जोर देणारी फोरट्रॅक्स 350 आणली होती. पुढे बाजार याच दुसऱ्या जातीकडे वळला. पुढेमागे सामानाच्या जाळ्या, ओढगाडी जोडण्याची सोय, चढासाठी सावकाश चालणारा गिअर. शेतकऱ्याला हवे ते हेच. कॉफीच्या झुडपांमधल्या ओल्या, अरुंद वाटांवर जीप अडते, तिथे खताचे पोते अशी गाडी नेते.

बँकेची खरी अडचण वेगळी होती. केवळ रस्त्याबाहेर चालवण्यासाठी विकलेल्या वाहनाची परिवहन कार्यालयात नोंदणी होत नाही. मग नोंदणीपुस्तकात नजरगहाणाची नोंद तरी कशी करावी? पोलारिस कंपनीने स्पोर्ट्समन 570 ही 567 सीसीची गाडी भारतात ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित करून घेतली, आणि ही गाठ सुटली. त्या वेळी तिची किंमत सुमारे 8 लाख रुपये होती.

तथापि कागदावर ‘ट्रॅक्टर’ लिहिले म्हणून प्रत्येक अर्ज शेतीकर्जाचा मानावा, असे मला वाटत नाही. त्याहून कमी पैशांत चारही चाकांना जोर असलेला छोटा ट्रॅक्टर मिळतो, आणि सपाट जमिनीच्या मशागतीला तोच बरा. शहरातील ज्या गृहस्थांचे शेत वर्षातून दोन रविवारच पाहिले जाते, त्यांनी हौस अवश्य करावी, परंतु स्वतःच्या बचतीतून. माझ्या सहकाऱ्यांनी अशा प्रकरणी दरपत्रकाआधी जमीन पाहावी: उतार किती, वाटा किती रुंद, ओझे कशाचे.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून विचारतो. यांतील बहुतेक गाड्या एकाच स्वारासाठी असतात. मळ्यात मात्र मजूर सहज मागच्या जाळीवर बसतो. उतारावर तोल गेला तर अशी गाडी अंगावर उलटते. विम्याचा हप्ता भरला म्हणून ही जोखीम टळत नाही.

त्या ग्राहकांचा मळा मी पाहून आलो. डोक्यावर पोती घेऊन चढ चढणाऱ्या स्त्रिया पाहिल्या. शिफारस अनुकूल लिहिली; मात्र मजूर वाहून नेणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घेतले. त्यांनी हसत सही केली. पुढच्या पाहणीला मी पूर्वसूचना न देता जाणार आहे.