पट्टा बांधलेली बाहुली

मोटार घेणारा आपल्याकडचा माणूस हल्ली 'मायलेज'च्या जोडीला 'स्टार किती?' हेही विचारू लागला आहे. फार बरे झाले. जानेवारी 2014 मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतातल्या पाच लहान मोटारी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेत पाचांनाही शून्य तारे! त्यांतल्या पोलोला दोन एअरबॅगा बसवून पुन्हा आदळले, तर चार मिळाले. 1 ऑक्टोबर 2023 पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची परीक्षाही सुरू झाली आहे.

पण मित्रहो, हे तारे मिळतात कोणाला? गाडीत बसवलेल्या बाहुलीला. आणि ती बाहुली पट्टा बांधून बसलेली असते. 'जवळच तर जायचंय' असे ती कधी म्हणत नाही.

ताशी 64 किलोमीटरने आदळणे म्हणजे सोळा मीटरांवरून, सुमारे पाचव्या मजल्यावरून, खाली पडणे. गाडीचे नाक मुद्दाम चेपेल असे बनवलेले असते, म्हणून गाडी अर्ध्या-पाऊण मीटरात थांबते. या चेपण्याचा लाभ गाडीशी बांधलेल्यालाच मिळतो. मोकळा बसलेला तसाच 64 च्या वेगाने पुढे जातो आणि समोर जे येईल त्यावर आपटतो. व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा दिला, तो यासाठीच. एअरबॅग ही त्या पट्ट्याची मदतनीस. ती पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही.

आपल्याकडे पुढचे लोक पोलिसाच्या धाकाने पट्टा लावतात. मागे मात्र चौघे दाटीवाटीने, आणि आईच्या मांडीवर मूल. दहा किलोचे ते मूल त्या क्षणी अडीचशे किलोंहून अधिक जोराने पुढे ओढले जाते. कोणती आई ते धरून ठेवील? परीक्षेत मुलांच्या बाहुल्यासुद्धा मुलांसाठीच्या खास आसनात बांधलेल्या असतात.

सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, परदेशी. ते मागे बसले होते आणि पट्टा नव्हता, असे तपासात पुढे आले. चार दिवस चर्चा झाली. पट्ट्याची शिट्टी बंद पाडणारी खोटी क्लिप मात्र बाजारात खपतच राहिली. अखेर मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती विकणे थांबवा असा आदेश द्यावा लागला. दहा लाखांची गाडी घ्यायची आणि शंभर-दोनशे रुपयांत तिचे तोंड बंद करायचे, याला काय म्हणावे?

आपल्या सहलींना भाड्याच्या गाड्या ठरतात. त्यांचे मागचे पट्टे बहुधा सीटकव्हराखाली गाडलेले असतात. चोर्ला घाट उतरण्याआधी ते वर काढून द्यावेत, एवढी अट सहल समितीने भाडे ठरवतानाच घालावी, अशी माझी सूचना आहे.