पेटीतून निघालेली मोटार

कराच्या कायद्यातून एखादी चांगली वस्तू जन्माला आली, असे सहसा घडत नाही. इंग्लंडात ते एकदा घडले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तिथे नव्या मोटारीवर जबर खरेदी कर बसत असे. पण तीच मोटार सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली, तर तो कर लागत नसे. कॉलिन चॅपमन या तरुण इंजिनीअरने १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ ही दोन माणसांची उघडी गाडी काढली, ती मुख्यतः या सवलतीवर डोळा ठेवून. सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना देण्याची मुभा नव्हती. म्हणून लोटसने गाडी ‘सुटी कशी करावी’ याचे कागद दिले, असे सांगतात. गिऱ्हाइकाने ते शेवटून सुरुवातीकडे वाचायचे, की झाले!

आपल्याकडचा एखादा मुरलेला कर सल्लागारही या युक्तीला दाद देईल. पण गंमत पुढेच आहे. १९७३ साली ब्रिटनमध्ये खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. तरीही ही गाडी मेली नाही. त्याच वर्षी केटरहॅम कंपनीने तिचे हक्क घेतले आणि आजही ती तयार मिळते तशी सुट्या भागांतही मिळते. म्हणजे कर वाचतो म्हणून नव्हे, तर स्वतःच्या हाताने जोडायला मिळते म्हणून लोक पैसे मोजतात. आमच्या घरात पंख्याचा रेग्युलेटर बिघडला तरी वायरमनची वाट पाहणाऱ्यांना हे वेड वाटेल. मला ते शहाणपण वाटते. ते का, हे सांगण्यासाठी आधी या गाड्या रेस ट्रॅकवर कशा चालतात ते पाहायला हवे.

पहिल्या ‘सेव्हन’मध्ये फोर्डचे ११७२ सीसीचे, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचे इंजिन होते. आपली जुनी मारुती ८०० साधारण तेवढ्याच ताकदीची. पण सेव्हनचे वजन पाच क्विंटलच्या आतबाहेर. दारे नाहीत, छत असून नसल्यासारखे, मागे बसायची सोय नाही. चॅपमनचे गणित साधे होते. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते. वजन कमी केले तर ती जोर पकडताना, ब्रेक लावताना आणि वळणावर, अशी सगळीकडेच सरस ठरते. दीड टनाची गाडी आणि अर्ध्या टनाची गाडी एकाच वेगाने येत असतील, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पहिलीत तिप्पट असते. म्हणून हलकी गाडी वळणाच्या अगदी तोंडाशी येईपर्यंत ब्रेक न लावता येते. ट्रॅकवर वेळ मिळवायचा तो तिथेच.

याचे टोक म्हणजे केटरहॅमची २०१३ साली आलेली ६२०आर ही गाडी. ३१० अश्वशक्ती आणि वजन साडेपाचशे किलोंच्या आत. वजनाच्या मानाने ताकद मोजली तर १९९०च्या दशकातली जगप्रसिद्ध मॅक्लरेन एफ-१ हिच्यापेक्षा किंचित पुढे जाते. मॅक्लरेनची किंमत काय होती, हे रविवारच्या सकाळी न सांगितलेले बरे. पण या गाडीची मेखही लक्षात घ्यायला हवी. तिचा आकार वाऱ्याच्या दृष्टीने विटेसारखा आहे. चाके उघडी, मडगार्ड वेगळे, समोर काच उभी. वेग वाढत गेला की हवा तिला धरून ठेवते आणि ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास तिची हद्द संपते. म्हणून ब्रँड्स हॅचच्या जेमतेम दोन किलोमीटरच्या छोट्या ट्रॅकवर किंवा कॅडवेल पार्कच्या चढउतारांवर ती भल्याभल्यांना मागे टाकील; सिल्व्हरस्टोनच्या लांब सरळ पट्ट्यांवर मात्र जड पण गुळगुळीत अंगाच्या गाड्या तिला गाठतील. अमुक गाडी ‘जास्त वेगवान’ असे कुणी सांगितले, की आधी विचारावे : कुठल्या ट्रॅकवर?

याच घराण्यातल्या भावंडांची तुलना तर आणखी घसरडी. १९८०च्या दशकात आलेल्या वेस्टफील्ड कंपनीची गाडी सेव्हनसारखी इतकी दिसे, की प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेले. मग वेस्टफील्डने अंग फायबरग्लासचे केले आणि मागची चाके एकमेकांपासून स्वतंत्र ठेवली. केटरहॅमने ॲल्युमिनियमचा पत्रा आणि दोन्ही चाके जोडणारी मागची नळी कायम ठेवली. दोन्हींचे भक्त एका फेरीतल्या अर्ध्या सेकंदावरून हिरिरीने भांडतात. पण तो अर्धा सेकंद नव्या टायरचा असू शकतो, हवेतल्या गारव्याचा असू शकतो, चालकाच्या पोटाचाही असू शकतो. पाचशे किलोच्या गाडीत ऐंशी किलोचा माणूस बसला, म्हणजे गाडीचे वजन एकदम सोळा टक्के वाढले. कार्बन फायबरचे सुटे भाग बसवून पाच किलो वाचवण्यासाठी जो खर्च होतो, त्यापेक्षा बटाटेवडा सोडणे कितीतरी स्वस्त.

म्हणूनच आकड्यांच्या स्पर्धेपेक्षा मला दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. एक, केटरहॅमची नवशिक्यांसाठीची ‘अकॅडमी’ स्पर्धा. १९९५ पासून ती चालते. पूर्वी कधी शर्यतीत न उतरलेली माणसे येतात, त्यांतले कित्येक जण आपली गाडी स्वतः जोडतात. इंजिन सीलबंद, टायर सर्वांना सारखे. तिथे मागे पडलात तर दोष द्यायला यंत्र उरत नाही. तुलना करायची तर अशी करावी. ती गाड्यांची राहत नाही, माणसांची होते.

दुसरी गोष्ट एका पुस्तकाची. रॉन चॅम्पियन या इंग्रज गृहस्थाने १९९६ साली अडीचशे पौंडांत घरच्या घरी स्पोर्ट्‌स कार कशी बांधावी, याचे पुस्तक लिहिले. चौकोनी नळ्या कापायच्या, जोडायच्या, भंगारातली फोर्ड एस्कॉर्ट आणून तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस त्यात बसवायचा. या गाडीला ‘लोकॉस्ट’ असे नाव पडले आणि तिच्यासाठी वेगळी शर्यतही सुरू झाली. ती भरवणाऱ्या ‘७५० मोटर क्लब’ची स्थापना १९३९ सालची, आणि चॅपमनने आपली पहिली गाडी १९४८ मध्ये बांधली ती जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून, मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. ती मैत्रीण पुढे त्याची पत्नी झाली. भावी सासऱ्याने गॅरेज रिकामे करायला लावले असते, तर लोटसचे काय झाले असते कोण जाणे.

आता आपल्याकडे या. कोल्हापूरच्या ओतशाळा, इचलकरंजीचे लेथ, पिंपरी-चिंचवडचे शेकडो छोटे कारखाने : चौकोनी नळ्यांचा सांगाडा वेल्डिंग करणे हे इथल्या कारागिराला डाव्या हाताचे काम. इंजिनिअरिंगची मुले २००७ पासून ‘बाहा’ स्पर्धेसाठी दरवर्षी स्वतः गाड्या बांधतात, रात्र रात्र जागतात, आणि स्पर्धा संपली की ती गाडी कॉलेजच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जाते. तिला रस्त्यावर काढायची सोयच नाही. आपल्या मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या नमुन्याच्या वाहनाची पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून तपासणी व्हावी लागते. नियम योग्य आहे, पण तो हजारो गाड्या काढणाऱ्या कारखानदाराला समोर ठेवून केलेला. एकच गाडी बांधणाऱ्या माणसाची त्यात कल्पनाच नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तर कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असे बजावले. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक केले, पण ही गाडी नियमात बसणार नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. दानत मोठी, यात शंका नाही. तरी त्या कारागिराने केलेली वस्तू शेवटी दाखवण्याची वस्तू झाली.

इथे आईवडिलांच्या मनात येणारी शंका मी हलक्यात घेत नाही. या गाड्यांना एअरबॅग नसते, दार नसते, मागून ट्रक आला तर चालकाचे डोके त्याच्या बंपरच्या उंचीवर असते. द्रुतगती मार्गावर माझ्या घरच्या कुणी अशी गाडी नेऊ नये, असेच मी म्हणेन. ट्रॅकवर सगळे एका दिशेने जातात, अंगावर पट्टे असतात, डोक्यावर हेल्मेट आणि पाठीशी लोखंडी कमान असते. धोका उरतोच, पण तो मोजलेला असतो. आणि खरे सांगायचे तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने दोन टनांची ‘एसयूव्ही’ घेऊन रात्री बाहेर पडणे मला यापेक्षा कितीतरी जास्त भयावह वाटते. त्या मुलाने ती गाडी कधी उघडून पाहिलेली नसते. ब्रेक म्हणजे काय हे ज्याने स्वतः नळी जोडून, तेल भरून, हवा काढून पाहिले आहे, तो पेडलवर पाय ठेवताना वेगळा विचार करतो.

ब्रिटनने यातून काढलेली वाट आपल्याला घेता येण्यासारखी आहे. तिथे १९९८ पासून एकेका गाडीची स्वतंत्र परीक्षा होते. २००९ मध्ये तिचे स्वरूप बदलून ती आणखी कडक झाली. तपासनीस ब्रेक पाहतो, दिवे, पट्टे, धूर पाहतो. पादचाऱ्याला कापेल अशी एखादी कड किंवा उघडा बोल्ट दिसला तरी नापास करतो. गाडी हौशी माणसाने स्वतःच बांधली याचा पुरावा म्हणून कामाचे फोटो आणि पावत्या दाखवाव्या लागतात. आपल्याकडे वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’मध्ये महिन्यातून एक दिवस अशा एकेकट्या गाड्यांसाठी ठेवता येईल. एका माणसाला एकच गाडी, पाच वर्षे विक्रीला बंदी, द्रुतगती मार्गावर प्रवेश नाही, अशा अटी खुशाल घालाव्यात. फी मात्र कॉलेजातल्या चार मुलांना वर्गणी काढून भरता येईल एवढीच असावी, आणि नापास झालेल्या गाडीला दुरुस्त करून पुन्हा यायला सहा महिन्यांची मुदत द्यावी.