क्ष म्हणजे बहिणीचा हिस्सा

उर्दू शाळेत समीकरणाला ‘मुसावात’ म्हणतात. मुसावात म्हणजे समता. इतका अर्थपूर्ण शब्द हाताशी असताना आपण मुलांना पाठ काय करायला लावतो? ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.’ का बदलतं, हे राहूनच जातं.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मींनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात आजची चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत आहे. आणि त्याचा मोठा भाग वारसा व वसीयतीच्या उदाहरणांनी भरलेला आहे. म्हणजे हे गणित घरातल्या वाटणीसाठीही होतं.

मग आपणही वाटणीचंच उदाहरण घेऊ. वडील वारले. दफनाचा खर्च, कर्ज सगळं फेडून ४,८०,००० रुपये उरले. वारस फक्त एक मुलगा आणि दोन मुली. शरीअतप्रमाणे मुलाला मुलीच्या दुप्पट. मुलीचा वाटा क्ष धरा.

२क्ष + क्ष + क्ष = ४,८०,०००
४क्ष = ४,८०,०००

दोन्ही बाजूंना ४ ने भागा. क्ष = १,२०,०००.

वहीत हे उत्तर बरोबर येतं. अनेक घरांत मात्र बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं आणि क्ष शून्य होतो. पण क्ष शून्य असेल तर भावाचे २क्षही शून्यच! ‘दुप्पट’ भावाला पाठ असतं; कशाच्या दुप्पट, हे तो विसरतो.

सातवी-आठवीच्या वर्गात हे उदाहरण मुलामुलींना एकत्र सोडवायला द्या. हिस्सा मागायची वेळ येईल तेव्हा मुलीला आकडा माहीत असेल, आणि मुलालाही.