बिनव्याजी ठेव

पर्सी अबेसेकरा ३० ऑक्टोबर २०२३ रोजी गेले. वय ८७. दुसऱ्या दिवशी मी ही बातमी बँकेत सांगितली, तर आमचे हेडकॅशियर मशीनने मोजलेल्या नोटा पुन्हा हाताने मोजत म्हणाले, "कोण, तो श्रीलंकेचा झेंडा नाचवणारा म्हातारा? जन्मभर ओरडून मिळवलं काय हो त्यानं?"

माझं भांडण आहे ते या प्रश्नाशी.

पर्सीअंकलनी १९७९ च्या विश्वचषकापासून झेंडा उचलला, तेव्हा श्रीलंकेला कोणी कसोटीतसुद्धा घेत नव्हतं. पहिली कसोटी खेळायला १९८२ उजाडलं, पहिली जिंकायला १९८५ (तीही आपल्याला हरवून!), आणि विश्वचषक मिळाला १९९६ ला. म्हणजे सतरा वर्षं हा गृहस्थ ठेव ठेवून बसला होता, व्याज शून्य! पण काउंटरवर येऊन एकदाही आदळआपट नाही. उलट समोरच्याचा चांगला खेळही त्यांना दिसायचा. न्यूझीलंडच्या मार्टिन क्रोने आपला सामनावीराचा पुरस्कार उगाच नाही या माणसाच्या हातात ठेवला.

आता आपलं पासबुक उघडू. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, समोर हीच श्रीलंका. आपले आठ गडी गेले, तशा मैदानात बाटल्या आल्या, स्टँडमध्ये जाळपोळ झाली, आणि पंचाईत नको म्हणून सामना श्रीलंकेला देऊन टाकावा लागला. आपलं प्रेम हे असं, चालू खात्यातलं! चेक वटला नाही की लगेच मॅनेजरची कॉलर. सचिन आउट झाला की टीव्ही बंद करणारे आपण, आणि वर छाती काढून स्वतःला 'चाहते' म्हणवणार! अहो, आपण गिऱ्हाइकं. जिंकण्याचा माल मिळाला तर टाळ्या, नाहीतर पैसे परत.

मिळवलं काय, हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारावा. आईला कोणी विचारतं का, की नापास पोराच्या उशाशी बसून तुम्ही मिळवलंत काय?

हे सगळं मी हेडकॅशियरना तिथल्या तिथे सुनवायला हवं होतं. नाही सुनावलं. कारण सांगतो. पर्सीअंकल गेले त्याच दिवशी श्रीलंका आमच्या पुण्यात, गहुंज्याला, अफगाणिस्तानशी खेळत होती. भारत नसल्यामुळे तिकीट सहज मिळालं, म्हणून मीही किरकोळ रजा टाकून गेलो होतो. श्रीलंकेच्या २४१ धावा झाल्या. अफगाणांनी त्या तीन गडी गमावून आरामात काढल्या. म्हणजे काढल्या असं दुसऱ्या दिवशी वाचलं. श्रीलंका हरणार हे दिसल्याबरोबर, पार्किंगमध्ये अडकायला नको म्हणून, मी स्कूटर काढली होती.

अशा माणसाने कुठल्या तोंडाने उत्तर द्यायचं? मी गप्प बसून टोकन पुकारलं.