पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बरा झाला, पण पुढच्या संसाराचं कोण सांगणार?

गर्भाशयमुखाचा, म्हणजेच पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आपल्या भागाला नवा नाही. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सरची नोंद ठेवली जाते. धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त महिलांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये आला. एकदाच एचपीव्ही तपासणी केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळलं. तपासणीवर बोललं जातं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचारही होतात. पण वाचलेल्या बाईचा पुढचा संसार कसा असेल, यावर कुणी तोंड उघडत नाही.

आजार वाढलेला असेल तर रेडिएशन द्यावं लागतं. गावाकडं त्याला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात. त्यानं कॅन्सर जळतो, पण योनीमार्गही कोरडा पडतो, आखडतो, अरुंद होतो. तरुण बाईची पाळी कायमची थांबते. मग जवळीक करताना दुखतं, कधी रक्त दिसतं. बाई घाबरते, नवरा लांब राहतो. 'संबंध ठेवला तर मलाही कॅन्सर होईल' हा त्याच्या मनातला धाक. तो खोटा आहे. कॅन्सर संबंधातून पसरत नाही. बाईच्या अंगात रेडिएशनही उरत नाही.

यावर उपाय आहेत. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टर तपासून परवानगी देतात, त्यानंतर संबंध ठेवता येतात. कोरडेपणासाठी मेडिकलमध्ये पाण्यासारखं पातळ, बिनतेलाचं जेल मिळतं. मार्ग आखडू नये म्हणून डायलेटर नावाची गुळगुळीत नळी आठवड्यातून दोन-तीनदा वापरायला सांगतात. कधी सुरू करायची, किती दिवस वापरायची, हे डॉक्टरच ठरवतात.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डायलेटर फक्त नवरा-बायकोच्या सुखासाठी नाही. मार्ग बंद झाला तर पुढची तपासणीच नीट होत नाही आणि कॅन्सर परत आला तरी लवकर कळत नाही. म्हणून विधवा किंवा एकट्या राहणाऱ्या बाईनंही 'आता मला काय करायचंय' म्हणून तो बाजूला ठेवू नये. संबंधानंतर किंवा एरवीही अंगावरून रक्त गेलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठावा.

अडचण औषधाची कमी आणि लाजेची जास्त आहे. बाहेर रांग लागलेली, आत पुरुष डॉक्टर, सोबत सासू किंवा मुलगा. अशा वेळी बाई विचारणार कसं? म्हणून हे तिनं विचारायची वाट न बघता डॉक्टर-नर्सनंच घरी सोडताना सांगायला हवं, तेही नवऱ्याला समोर बसवून. आशाताईंनाही याची माहिती द्यायला हवी. तोवर बाईनं नर्सला बाजूला घेऊन एवढंच म्हणावं, 'ताई, मला एक खासगी विचारायचंय.' तो तिचा हक्क आहे.